तिसऱ्याच्या देखत होणारे दोघांचे बोलणे

पत्र

आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी मूळची तासगावची असून सांगलीतील एका महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. संवादकौशल्ये या विषयाच्या प्रकल्पासाठी आम्हाला एखाद्या चित्रपटातील किशोरवयीन पात्रांच्या आपसांतील संवादाचे विश्लेषण करायचे आहे. प्रकल्प दोघींनी मिळून करायचा आहे. आम्ही ‘द ब्रेकफास्ट क्लब’ हा इंग्रजी चित्रपट निवडला आणि १४ पाने लिहून दिली. सरांनी ‘ही गोष्ट झाली, विश्लेषण कुठे आहे?’ असा शेरा मारून ती परत केली. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, हे इंटरनेटवरून घेतलेले वाक्यही त्यांनी लाल शाईने खोडले. आता माझी मैत्रीण म्हणते की, हा चित्रपट सोडून ‘फँड्री’ घेऊ या. पण त्यातला जब्या आणि त्याला आवडणारी शालू एकमेकांशी बोलतच नाहीत, मग विश्लेषण कशाचे करायचे? यावरून आमच्यात चांगलीच वादावादी झाली आहे आणि प्रकल्प पंधरवड्यात द्यायचा आहे. पहिली चार पाने सोबत जोडली आहेत. कृपया मार्ग सुचवावा.

– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

तुमची चारही पाने लक्षपूर्वक वाचली. सरांचा शेरा तुम्हाला लागला असेल, तरी तो योग्य आहे, आणि तो का योग्य आहे हे तुमच्याच दुसऱ्या पानावरच्या एका वाक्यातून दिसते. ‘बेंडर हा रागीट व उद्धट स्वभावाचा मुलगा असून तो सर्वांशी उर्मटपणे बोलतो,’ असे तुम्ही लिहिले आहे. हे वाक्य खोटे नाही, पण ते ‘ब्रेकफास्ट क्लब’मधल्या बेंडरच्या स्वभावाविषयी आहे. त्यात समोरचा माणूस कुठेच नाही. क्लेअर श्रीमंत व अहंमन्य, ब्रायन हुशार व भित्रा, अँड्र्यू खेळाडू, ॲलिसन विक्षिप्त अशी पाचही पात्रांची ओळख तुम्ही याच पद्धतीने करून दिली आहे. गंमत अशी की, एकमेकांवर मारलेले हेच शिक्के त्या पाच मुलांना दिवसभरात खरवडून काढावे लागतात, आणि तुम्ही ते सुरुवातीच्याच पानांवर पुन्हा चिकटवून ठेवले आहेत.

परस्परसंवादाचे विश्लेषण करताना सुटे वाक्य हाती धरून चालत नाही. एकाने काही म्हटले, दुसऱ्याने त्याचे काय केले, आणि ते पाहून पहिल्याने पुढे काय केले, असा तीन दुव्यांचा तुकडा एकत्र घ्यावा लागतो. बेंडरचे एखादे वाक्य उर्मट होते की ती थट्टा होती, याचा निकाल त्या वाक्यात लागत नाही. ऐकणाऱ्याने ते कसे घेतले आणि त्याने तसे घेतल्यावर बेंडरने माघार घेतली की आणखी एक पाऊल पुढे टाकले, यावर तो लागतो. म्हणून चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे कमी आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे अधिक लक्ष द्या. एवढ्या एका सवयीने तुमच्या लेखनातला निम्मा कथाभाग आपोआप गळून पडेल.

आता तुमच्या प्रकल्पाला जो कणा हवा आहे, त्याविषयी. या वयाची मुले दोघांतच बोलत आहेत असे वरवर दिसले, तरी बहुधा तिसरे कोणीतरी ते बोलणे पाहत असते किंवा ऐकत असते, आणि निम्मे बोलणे त्या तिसऱ्यासाठीच चाललेले असते. याचा अनुभव घ्यायला लांब जावे लागत नाही. शाळा सुटल्यानंतरच्या सांगली–मिरज बसमध्ये नववी-दहावीतला एक मुलगा चार मित्रांच्या घोळक्यात उभा होता आणि त्याला आईचा फोन आला. ‘हं. व्हय. येतोय. ठेव आता,’ एवढे बोलून त्याने फोन खिशात टाकला. विश्रामबागला मित्र उतरून गेले, बस पुढे निघाली आणि त्याने स्वतःच परत फोन लावला. ‘आई, मगाशी गडबडीत ठेवला गं. जेवलीस का?’ आई तीच होती आणि मुलगाही तोच होता. मधल्या काळात बदलले होते ते फक्त शेजारी कोण उभे आहे, एवढेच. मित्रांसमोरच्या त्या ‘ठेव आता’वरून त्याला तुटक स्वभावाचा ठरवणे जितके चुकीचे, तितकेच बेंडरला पहिल्या पंधरा मिनिटांवरून उद्धट ठरवणे चुकीचे आहे.

डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये किशोरवयाविषयी लिहिताना ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली. या वयात मुलामुलींना सतत असे वाटत राहते की, सगळ्यांचे डोळे आपल्यावरच खिळलेले आहेत, आपला शर्ट, आपला आवाज, आपले चुकलेले उत्तर सगळ्यांच्या लक्षात आले आहे. प्रत्यक्षात प्रत्येक जण आपापल्याच काळजीत बुडालेला असतो. ही कल्पना तुम्ही जरूर वापरा, पण जपून वापरा. कारण तुमच्या दोन्ही चित्रपटांत प्रेक्षक नेहमीच काल्पनिक नाहीत, आणि ‘फँड्री’त तर ते मुळीच काल्पनिक नाहीत. त्याकडे पुढे येतेच.

आधी ‘ब्रेकफास्ट क्लब’मधला एक प्रसंग सावकाश पाहू. जॉन ह्यूज यांचा हा चित्रपट १९८५ मध्ये प्रदर्शित झाला. कथा घडते ती २४ मार्च १९८४ या शनिवारी, इलिनॉय राज्यातल्या एका काल्पनिक गावच्या शाळेच्या वाचनालयात. शिक्षा म्हणून सुट्टीच्या दिवशी बोलावलेली पाच मुले, त्यांच्यावर देखरेख करणारे उपमुख्याध्यापक व्हर्नन, आणि ‘तुम्ही स्वतःला कोण समजता’ या विषयावर लिहायचा १००० शब्दांचा निबंध, एवढीच सामग्री. बेंडर दाराचा स्क्रू काढून घेतो, त्यामुळे दार उघडे राहत नाही आणि व्हर्नन यांना आपल्या खोलीतून मुलांवर नजर ठेवता येत नाही. ते संतापून येतात. स्क्रू कोणी काढला हे उरलेल्या चौघांना ठाऊक आहे, पण कोणीही नाव सांगत नाही. सकाळपासून एकमेकांना टोचत असलेल्या या मुलांनी मिळून केलेली ही पहिली गोष्ट आहे आणि ती न बोलण्याची आहे. तुमच्या लेखनात हा क्षण अर्ध्या ओळीत उरकला आहे. माझ्या मते तो निदान एका परिच्छेदाचा धनी आहे.

त्यानंतर व्हर्नन आणि बेंडर यांची जुगलबंदी सुरू होते. व्हर्नन आणखी एका शनिवारची शिक्षा देतात, बेंडर उलट उत्तर देतो, व्हर्नन आणखी एक शनिवार वाढवतात, आणखी हवा का म्हणून विचारतात, बेंडर हो म्हणतो, आणि असे शनिवारांवर शनिवार चढत जातात. क्लेअर त्याला थांबवू पाहते. तुम्ही यावर ‘बेंडरला शिक्षेची भीती वाटत नाही’ असा निष्कर्ष काढला आहे. पण संवादाचे अभ्यासक पॉल वात्झलाविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात केलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. प्रत्येक बोलण्याला एक आशय असतो, आणि त्याच बोलण्यातून बोलणारा ‘आपल्या दोघांतले नाते काय आहे’ हेही सांगत असतो. या प्रसंगात आशय आहे शनिवारांची संख्या. नात्याच्या पातळीवर मात्र प्रश्न एवढाच आहे की, शेवटचा शब्द कोणाचा राहणार. दोघेही दुसऱ्याच्या उत्तराला तसल्याच, पण थोड्या चढ्या उत्तराने भिडत राहतात आणि माघारीची वाट दोघांनाही बंद होत जाते. जत्रेतल्या कुस्तीत पाठ टेकल्याशिवाय कोणी मागे हटत नाही, कारण भोवती सारा गाव बसलेला असतो. वाचनालयातही चार जण बसलेले आहेत. त्यांच्यासमोर गप्प राहिला तर बेंडरची पत जाईल, आणि त्यांच्यासमोर सोडून दिले तर व्हर्नन यांची.

हा अर्थ मी माझ्या पदरचा लावते आहे, असे सर म्हणाले तर काय उत्तर द्याल? त्याचा पुरावा चित्रपटातच आहे. पुढे व्हर्नन बेंडरला एका अडगळीच्या खोलीत नेतात. तेथे दोघांशिवाय कोणी नाही. ते त्याला हिणवतात, पहिला ठोसा तूच मार म्हणून डिवचतात, आणि वाचनालयात एकही शब्द खाली पडू न देणारा हा मुलगा तेथे जवळजवळ काहीच बोलत नाही. तो हात उचलत नाही, टोमणा मारत नाही, नुसता बसून राहतो. व्हर्नन यांचेही सभ्यतेचे पांघरूण तेथे गळून पडते. चार मुलांसमोर जे त्यांना बोलता आले नसते ते त्यांनी येथे बोलून टाकले. तीच दोन माणसे, तेच वैर, दिवसही तोच, पण बघे गेले आणि संवादाची सगळी तऱ्हा पालटली. हे दोन प्रसंग शेजारी शेजारी मांडले की तुमचे विश्लेषण उभे राहिले. ‘बेंडर रागीट आहे’ या वाक्याच्या जागी आता असे काही लिहिता येईल: ‘वाचनालयात बेंडर प्रत्येक शिक्षेला तत्काळ उत्तर देतो व प्रत्येक उत्तरागणिक शिक्षा वाढते, अडगळीच्या खोलीत मात्र अधिक अपमान होऊनही तो उत्तर देत नाही. दोन्ही प्रसंगांत व्हर्नन यांची भूमिका आव्हान देण्याचीच असल्याने, बेंडरच्या वागण्यातील फरकाचा संबंध सहाध्यायांच्या उपस्थितीशी जोडता येतो.’ हे वाक्य रूक्ष आहे, मान्य आहे, पण त्यातील प्रत्येक गोष्ट पडद्यावर बोट ठेवून दाखवता येते.

दुसरा मोलाचा प्रसंग ॲलिसन आणि क्लेअर यांचा. ॲलिसन बराच वेळ काहीच बोलत नाही. नखे कुरतडते, चित्रविचित्र आवाज काढते, जेवणाच्या वेळी ब्रेडवरचा मांसाचा काप उडवून देऊन त्यात साखर आणि कुरकुरीत सीरियल भरून सगळ्यांच्या देखत कडाकडा खाते. नंतर ती क्लेअरसमोर आपल्या खासगी आयुष्याविषयी एक धक्कादायक कबुली देते. आता तुझे सांग, असा दबाव वाढत जातो, बाकीचेही त्यात हात धुऊन घेतात, आणि शेवटी चिडलेल्या क्लेअरच्या तोंडून खरे उत्तर निघून जाते. लगेच ॲलिसन सांगते की, तिने जे सांगितले ते सगळे खोटे होते. आयर्विन ऑल्टमन आणि डॅल्मस टेलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये नाते कसे जवळ येते याची जी उपपत्ती मांडली, तिच्यात माणसे स्वतःविषयी थोडे थोडे उघड करत जातात आणि एकाने उघड केले की दुसराही साधारण तितकेच उघड करतो, या देवाणघेवाणीला महत्त्व आहे. पाठ्यपुस्तकात ही देवाणघेवाण मोठी गोड वाटते. ॲलिसनने तिचा सापळा केला. खोट्या नाण्याने तिने खरा माल विकत घेतला, आणि तोही चार जणांसमोर. तुमच्या पाचव्या-सहाव्या पानावर स्वप्रकटीकरणाची, म्हणजे स्वतःविषयी असे उघड करण्याची, व्याख्या असेल असा माझा अंदाज आहे, कारण ती सगळ्यांच्याच प्रकल्पात असते. त्या व्याख्येखाली हा प्रसंग ठेवा आणि व्याख्या कुठे अपुरी पडते ते लिहा. सरांना विश्लेषण म्हणून जे हवे आहे ते हेच असावे.

डब्याच्या प्रसंगाविषयी फार लिहू नका. क्लेअरची सुशी, अँड्र्यूचा ढीगभर खाऊ, ब्रायनच्या आईने कडा कापून दिलेले सँडविच आणि बेंडरचे रिकामे हात यांतून घरची परिस्थिती कळते, हे उघड आहे आणि ते प्रत्येकाला दिसते. मधल्या सुट्टीत डब्याचे झाकण अर्धवट उघडे ठेवून त्याच्या आडून भाकरी खाणारी मुलगी आपल्या वर्गात कोणी पाहिली नाही? लिहायचेच असेल तर एवढे टिपा की, बेंडर दुसऱ्यांच्या डब्यांवर बोलू लागतो ते आपल्याकडे डबाच नाही हे कोणाच्या नजरेत येण्याआधी.

आता तुमच्या लेखनातली एक ठळक चूक सांगते. चौथ्या पानाच्या शेवटी ‘अशा प्रकारे दिवसाअखेर पाचही जण एकमेकांचे घनिष्ठ मित्र होतात’ असे वाक्य आहे. चित्रपट असे कुठेही म्हणत नाही. सगळे जमिनीवर गोल करून बसलेले असताना, आपापली गुपिते सांगून झाल्यावर, ब्रायन विचारतो की, सोमवारी आपण भेटलो तर मित्र असू का. क्लेअर सरळ सांगते की तिला तसे वाटत नाही. बेंडर तिच्यावर तुटून पडतो. दिवसभर सगळे एकमेकांकडून खरेपणाची मागणी करत असतात, आणि खरे उत्तर मिळते तेव्हा मात्र ते देणाऱ्या मुलीलाच बोल लावला जातो. क्लेअर वाईट म्हणून तसे म्हणत नाही. सोमवारी शाळेच्या पडवीत तिच्या मैत्रिणींचा घोळका असेल आणि त्या घोळक्यासमोर आपण ब्रायनला हाक मारू शकणार नाही, याचा तिला अंदाज आहे. म्हणजे त्या बंद वाचनालयात नसलेले प्रेक्षकही तेथे हजर आहेत. चित्रपट शनिवारीच संपतो, सोमवार दाखवतच नाही. क्लेअरने बेंडरच्या हाती ठेवलेले कर्णभूषण ही मैत्रीची खूण आहे की निरोपाची, हे प्रेक्षकाने ठरवायचे आहे, आणि तुम्ही ठरवणार असाल तर कारण द्यावे लागेल.

येथे तुम्ही चित्रपटाशी भांडलात तरी चालेल. क्लेअर ॲलिसनचा चेहरामोहरा सजवून देते आणि मग अँड्र्यूचे डोळे विस्फारतात. दिवसभर जी मुलगी जशी होती तशी ऐकली जावी म्हणून धडपडत होती, तिला शेवटी पाहण्याजोगी करून सोडवले, असे मला प्रत्येक वेळी वाटते. शिवाय सगळ्यांच्या वतीने निबंध लिहिण्याचे काम बिचाऱ्या ब्रायनच्या गळ्यात पडते. दोघींच्या प्रकल्पात कोणी ब्रायन होऊ नये, एवढे जाता जाता सुचवते.

७ टक्क्यांचे ते वाक्य खोडले गेले याचे वाईट वाटून घेऊ नका. शब्द ७, आवाज ३८ आणि चेहरा ५५ टक्के ही आकडेवारी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांवरून निघाली, आणि ते प्रयोग फार मर्यादित प्रश्नाविषयी होते: एखाद्याला आपण आवडतो की नाही हे ओळखताना, शब्द एक सांगत असतील आणि सूर किंवा चेहरा दुसरेच सांगत असेल, तर ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो. त्यासाठी सुटे शब्द वापरले होते. संपूर्ण संभाषण नव्हे. खुद्द मेहराबियन यांनीही हे आकडे सगळ्या संवादाला लावू नयेत असे स्पष्ट केले आहे. खात्री करून घ्यायची असेल तर सबटायटल आणि आवाज दोन्ही बंद करून तो जमिनीवर बसल्याचा प्रसंग पाहा आणि नुसत्या चेहऱ्यांवरून ५५ टक्के अर्थ कळतो का ते बघा. आवाज बंद करून पाहण्याचा उपयोग वेगळाच आहे: कोण कोणाकडे वळून बसले आहे, कोण उठून दूर गेले, कोणाची नजर खाली गेली, हे तेव्हा नीट दिसते.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी माणसांचे रोजचे वागणे रंगमंचाच्या भाषेत समजावले. लोकांसमोर असताना आपण रंगमंचावर असतो आणि एकांतात पडद्यामागे, असे त्यांचे म्हणणे तुमच्या पुस्तकात असेलच. ज्या गावात १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या सांगलीत हे समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र नाटक पाहण्याची सवय चित्रपटाच्या विश्लेषणात एका ठिकाणी फसवते. नाट्यगृहात नायक बोलत असताना कोपऱ्यात उभ्या असलेल्या नटीकडे पाहत राहण्याची मोकळीक प्रेक्षकाला असते. चित्रपटात ऐकणाऱ्याचा चेहरा आपल्याला दिसतो तो दिग्दर्शकाने आणि संकलकाने दाखवला तरच. म्हणून ‘बेंडर हे बोलला तेव्हा ब्रायन गप्प होता’ असे लिहिण्याआधी ब्रायन त्या वेळी पडद्यावर होता का, हे तपासा. तो नसेल तर तो गप्प होता असे म्हणता येत नाही. तो दाखवला नाही एवढेच म्हणता येते. कोणाचा चेहरा कोणत्या वाक्यावर दाखवला, ही निवड म्हणजे दिग्दर्शकाचे तुमच्याशी चाललेले बोलणे आहे, आणि पात्रांच्या बोलण्यापासून ते वेगळे ठेवता आले पाहिजे.

आता ‘फँड्री’. तुमच्या मैत्रिणीची सूचना तुम्हाला पटली नाही, पण तुमच्या आक्षेपातच त्या सूचनेचे बळ आहे. नागराज मंजुळे यांच्या या पहिल्या मोठ्या चित्रपटात, जो २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला, जब्या शालूशी बोलत नाही हे खरे. तो तिच्याकडे पाहत राहतो, चिठ्ठी लिहितो, तिच्यासाठी काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, जीन्सची स्वप्ने पाहतो. यातले काहीही शालूपर्यंत संदेश म्हणून पोहोचत नाही. मग हा संवाद आहे का? हा प्रश्न तुम्ही वादात मैत्रिणीला गप्प करण्यासाठी विचारला असेल, पण प्रकल्पाची सुरुवात करायला याहून चांगला प्रश्न मला तरी सुचत नाही.

उत्तर शोधताना ‘जब्या लाजाळू आहे’ या वाटेने जाऊ नका. आपला मित्र पिऱ्या याच्यासोबत असतो तेव्हा हाच जब्या मोकळा असतो. शालूशी त्याचे बोलणे होत नाही याचे कारण त्याच्या स्वभावात नाही. तो कैकाडी कुटुंबातला आहे, गावात त्याच्या घराला डुकरे पकडण्याच्या कामावरून ओळखले जाते, आणि कोणी कोणाशी बोलायचे हे गावाने त्याच्या जन्माआधीच ठरवून ठेवले आहे. परस्परसंवादाची पुस्तकी प्रतिमाने बहुतेक वेळा असे गृहीत धरतात की, समोरासमोर आलेली दोन माणसे बोलायला मोकळी आहेत आणि प्रश्न फक्त कौशल्याचा आहे. जब्याकडे कौशल्य कमी नाही. हे गृहीतक जातीच्या भिंतीपाशी कसे अडते, हे दाखवणे तुमच्या विषयाच्या कक्षेतच येते, आणि ते टाळून ‘फँड्री’वर लिहिता येणार नाही.

शेवटचा डुक्कर पकडण्याचा प्रसंग घ्या. शाळेजवळ घरच्यांसोबत डुकरामागे धावायची वेळ येते तेव्हा जब्या वर्गातल्या मुलांच्या नजरेस पडू नये म्हणून लपून बसतो, आणि बापाच्या धाकाने त्याला बाहेर यावे लागते. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, तो आणि घरचे जागच्या जागी ताठ उभे राहतात, आणि हाताशी आलेले डुक्कर निघून जाते. भोवती जमलेली मुले हसतात, ओरडतात. शालूही त्या बघ्यांमध्ये आहे. एल्काइंड यांचा काल्पनिक प्रेक्षक येथे लावून पाहा म्हणजे तो का लागू पडत नाही हे कळेल. आपल्याला सगळे पाहत आहेत, हसत आहेत, असे जब्याला नुसते वाटत नाही; ते खरोखरच पाहत आहेत आणि हसत आहेत. इतके दिवस जिला काही सांगायचे होते, तिच्यापर्यंत त्याच्याविषयीचा जो संदेश शेवटी पोहोचतो तो त्याने पाठवलेला नाही, आणि तो अडवण्याचा काही मार्गही त्याच्याकडे नाही. त्यानंतर तो दगड उचलतो. चित्रपटातला शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. पात्रांचे आपसांतले बोलणे आणि दिग्दर्शकाचे प्रेक्षकाशी बोलणे वेगळे ठेवा, असे वर म्हटले; येथे ती दोन्ही बोलणी एका दगडात एकत्र आली आहेत, आणि इतका वेळ बघ्यांविषयी लिहीत असलेल्या तुम्हा दोघींनाही तेथे आपली जागा कोणती ते लिहावे लागेल.

तर माझा सल्ला असा की, वाद मिटवण्यासाठी एकीने हार मानण्याची गरज नाही. ‘किशोरवयीन पात्रांच्या संवादावर बघ्यांच्या उपस्थितीचा परिणाम’ असा नेमका विषय ठरवा. ‘ब्रेकफास्ट क्लब’मधून शनिवारांचा आणि अडगळीच्या खोलीचा प्रसंग तुम्ही घ्या, ‘फँड्री’तून पिऱ्यासोबतचा एखादा निवांत प्रसंग आणि डुकराचा प्रसंग मैत्रिणीला घेऊ द्या. ॲलिसन व क्लेअरचा प्रसंग हवा असेल तर दोघींनी मिळून लिहा. पंधरवड्यात याहून अधिक होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. सरांना विषयातला हा बदल लिहिण्याआधी सांगा. परत केलेला प्रकल्प नेमका कशामुळे बदलला हे त्यांना ठाऊक असेल तर तोंडी परीक्षेत तुमचेच काम हलके होईल.

प्रत्येक प्रसंग थांबवत थांबवत पाहून त्याचा तक्ता करा. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात कोण काय बोलले किंवा काय केले, तिसऱ्यात ते कोणाला उद्देशून होते, आणि चौथ्यात त्या वेळी आणखी कोण पाहत होते व पडद्यावर दिसत होते का. हा चौथा रकाना भरताना कंटाळा येईल, पण प्रकल्प त्याच रकान्यावर उभा राहणार आहे. दोघींनी एकाच प्रसंगाचे तक्ते आधी स्वतंत्र भरा आणि मग ताडून पाहा. जेथे नोंदी जुळत नाहीत तेथे तुमच्यापैकी एकीने पाहिलेले नसून गृहीत धरलेले असते. इंग्रजी संवाद मराठीत देताना शब्दाला शब्द लावत बसू नका, म्हणण्याचा रोख द्या आणि मूळ वाक्य तक्त्यात ठेवा.

आसपासच्या मुलांचे निरीक्षण प्रकल्पात जोडण्याचा मोह होईल. कट्ट्यावर, बसमध्ये, भेळेच्या गाड्यापाशी कान उघडे ठेवायला हरकत नाही, पण कोणाचेही बोलणे मोबाइलवर टिपू नका, चित्रण करू नका, आणि ओळख पटेल असे काही लिहू नका. ती मुले अल्पवयीन आहेत आणि त्यांनी तुम्हाला परवानगी दिलेली नाही. अशी निरीक्षणे प्रस्तावनेत दोन-चार ओळींपुरती ठेवा.

१४ पानांची आठ पाने झाली तर घाबरू नका. कथासार अर्ध्या पानात बसवा, पात्रांचा परिचय स्वतंत्रपणे देऊच नका, आणि सिद्धान्तांची ओळख आरंभी एकगठ्ठा न देता ज्या प्रसंगाला जो लागेल तो तेथेच दोन वाक्यांत द्या. तक्ते परिशिष्टात जोडा, आणि कोणता प्रसंग कोणी लिहिला हे प्रत्येक विभागाखाली नावानिशी नमूद करा.